सांध्याची रेघ

आमच्या ह्यांना शिशाच्या शिपायाच्या कानामागची रेघ दिसते, पण पोटच्या मुलाचा पाय दिसत नाही. हे मी शेजारणीला बोलून गेले आणि ती गप्पच झाली, कारण मुलाला तो पाय नाही हे तिला माहीत होतं. डावा, गुडघ्याच्या खाली. सैन्यातून तो हिवाळ्यात घरी आला, आता उन्हाळा सरत आला, तरी बापाने त्याच्याकडे कमरेखाली एकदाही पाहिलेलं नाही. तसं बोलतात, शेजारी बसून जेवतात, पेपर वाचून दाखवतात. नजर मात्र खिडकीबाहेर. मी पट्टी बदलायला बसले की ह्यांना मागच्या खोलीत काहीतरी काम आठवतं.

आमचा धंदाच शिपायांचा. मागच्या खोलीत हे ओततात, पुढच्या खोलीत खिडकीशी बसून मी रंगवते. लहान मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त घेतात, काचेच्या कपाटात मांडायला. शिसं आणि कथील शेगडीवर वितळवायचं, साच्याच्या दोन फाळ्या आवळायच्या आणि डोक्याच्या बाजूने धातू ओतायचा. साचा उघडला की बोटाएवढा शिपाई निघतो. दोन फाळ्या जिथे मिळतात तिथे त्याच्या अंगभर एक बारीक रेघ उमटलेली असते. ती घासून काढणं हे खरं काम. हे प्रत्येक शिपाई भिंगाखाली धरतात, मग भिंग बाजूला ठेवतात, डोळे मिटतात आणि सांध्यावरून अंगठा फिरवतात. डोळ्यांवर त्यांचा तेवढा भरवसा नाही. मी रंगवून वाळवलेला शिपाईसुद्धा त्या अंगठ्यापायी परत आलेला आहे, आणि त्यावरून आमचा अबोलाही झालेला आहे.

साचा थंड असला की पहिले काही शिपाई अर्धवट निघतात. धातू पायापर्यंत पोचायच्या आत गोठतो. त्यात कुणाचा दोष नसतो. असले शिपाई पुन्हा मुशीत टाकायचे, वितळवायचे आणि नव्याने ओतायचे. हे आमच्या मुलालाही माहीत, तो ह्याच दोन खोल्यांत लहानाचा मोठा झाला. सैन्यात जातो म्हणाला तेव्हा मी ह्यांना नाही नाही ते बोलले होते. घरभर शिपाई मांडून ठेवल्यावर पोरगा दुसरं काय होणार? आता मी तो विषय काढत नाही. काढायला लागतच नाही, तो रोज समोर कुबड्या घेऊन बसलेला असतो.

हॉस्पिटलातून त्याच्या मापाचा नवा पाय आला होता. तो खोक्यात, कॉटखाली पडून होता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई दर खेपेला बजावून जायच्या, की पाय घालून चालायला लागला नाहीत तर गुडघा आखडेल, मग कुठलाच पाय बसणार नाही. मुलगा मान डोलवायचा आणि खोकं तसंच राहायचं. मी समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी एकदा पट्टी बांधताना तोच म्हणाला,

"आई, मी तो पाय घातला, वरून पँट आली, की बाबा सुटले. मग त्यांना कधीच बघावं लागणार नाही."

"मग नाही बघणार. तुझं काय अडलंय? तू चालायला लाग ना."

"एकदा बघू दे त्यांना. मग घालतो."

बापलेकांचा हट्ट एकाच साच्यातून निघालेला. मधल्या मध्ये त्याचा गुडघा आखडत चालला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. ह्यांना सरळ सांगावं तर मुलाने शपथ घातलेली. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी बघितलं तर त्याचा काय उपयोग, म्हणायचा.

त्याच दिवसांत एका शौकीन गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर आली. संचलन करणारी अख्खी तुकडी हवी होती, सगळ्यांचा डावा पाय पुढे. जगात हजार तऱ्हेचे शिपाई असताना नेमके हेच हवे होते त्यांना. हे कामाला लागले. पण धातू पुरेना. आणलेलं शिसं संपलं आणि माझ्यापुढे रंगवायला आलेले शिपाई मात्र थोडेच.

"जळतो गं थोडाफार," हे म्हणाले.

माझं अर्धं आयुष्य ह्या शेगडीशेजारी गेलं. वर थोडी मळी धरते, पण धातू असा जळून जात नाही. मला वाटलं, हात कापायला लागला असेल, सांडत असतील आणि लपवत असतील. वाईट वाटलं. हे बाहेर गेलेले पाहून मी मागची खोली झाडायला घेतली.

जुन्या साच्यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. ओढला तर हलेना. झाकण काढलं. आत शिपाईच शिपाई, एकेक जण कापसात गुंडाळलेला. सगळ्यांचा डावा पाय गुडघ्याखाली आलेलाच नव्हता. आणि सगळे घासलेले. कुणी विकत घेणार नाही, कुठे मांडणार नाही, तरी एकाच्याही अंगावर रेघ नव्हती.

माझं डोकं फिरलं. धातूचं मला काही नव्हतं. ज्या माणसाला मुलाचा पाय बघवत नाही, तो आत दार लावून हे असले पाय घासत बसला होता! डबा कसाबसा छातीशी धरून मी पुढच्या खोलीत आले. हे नुकतेच दारात चपला काढत होते. मी डबा टेबलावर आदळला.

"हे काय साठवून ठेवलंय तुम्ही?"

रागाच्या भरात मुलगा खिडकीशी बसलाय हेच मी विसरले. त्याने हात लांब करून डबा पुढे ओढला. एक शिपाई काढला, मग दुसरा, मग आणखी. पार तळापर्यंत बघितलं.

"ह्यात बंदूक मोडलेला एकही नाही," तो म्हणाला. "हात न आलेलाही नाही. ते कुठे गेले, बाबा?"

"मुशीत."

"आणि हे?"

"हे टाकवेनात," हे म्हणाले. "मुशीवर धरला की..."

मुलाने हातातला शिपाई टेबलावर उभा करून पाहिला. तो आडवा झाला. मग त्याने माझे रंग बाजूला सारले, पट्टी सोडली आणि पाय उचलून टेबलावर ठेवला, खिडकीच्या उजेडात.

"भिंग आणा, बाबा."

"अरे, आता कशाला..."

"ह्या सगळ्यांना बघितलंत. मलाही बघा."

माझ्या तोंडावर आलं होतं, राहू दे रे, म्हातारं माणूस आहे. पण जन्मात पहिल्यांदा मी जीभ आवरली.

हे आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता दार लावून घेतील आणि हा पोरगा तसाच बसून राहील. मग आले, भिंग घेऊन. खुर्ची ओढली, बसले आणि वाकले. खूप वेळ बघत होते. मध्येच भिंग सदऱ्याला पुसलं, पुन्हा धरलं, पुन्हा पुसलं. मग नेहमीसारखं ते बाजूला ठेवलं, डोळे मिटले, आणि जिथे डॉक्टरांनी टाके घातले होते तिथे अंगठा ठेवला. हळूहळू पुढे नेला. इतक्या महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"तिथे दुखतं."

अंगठा थांबला. शिपायावर तो असा थांबला की मला अर्थ कळतो, घासायचं राहिलंय, परत घ्या. इथे परत काय घासणार? हे तसेच धरून बसले.

"ही रेघ निघायची नाही रे," हे म्हणाले.

"नाही निघायची. राहू द्या."

मी खोकं काढायला कॉटखाली वाकले आणि तिथेच थोडा वेळ राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्या दोघांना दाखवायचं नव्हतं. बाहेर आले तेव्हा हे खुर्चीवरून उतरून मुलासमोर जमिनीवर बसलेले होते, हात पुढे करून.

"आण इकडे," हे मला म्हणाले. "मी घालतो."

मुलाने डावा पाय पुढे केला.