चिमणीचं ठरलं

गोदीवर सगळे तिला चिमणी म्हणायचे, कारण चणीनं ती एवढीशी होती. सहा वर्षं तिनं खाली उभं राहून क्रेनवाल्याला हातानं इशारे दिले. सातव्या महिन्याच्या तपासणीला निघताना पत्र आलं: क्रेन चालवायच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. बाळंतपणाची रजा संपली की सुरुवात, पुढे दीड वर्ष.

दवाखान्यापर्यंत तिनं ते पत्र चारदा वाचलं. सोबत सासूबाई होत्या. नवरा बेकरीतून थेट आला होता. भुवयांवर मैदा तसाच.

सिस्टरनी वजन, रक्तदाब घेतला, लोहाच्या गोळ्या चुकवत नाहीस ना, विचारलं. मग पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर धडधड घुमली.

"एवढ्या जोरात?" नवरा खुर्चीतून उठलाच.

"असंच हवं," सिस्टर म्हणाल्या. "बरं, यानंतरचं काय ठरवलंय?"

"अजून हेच आलं नाही," तो हसला.

"म्हणून तर आत्ता विचारते. बाळ हातात आलं की आईला केस विंचरायला सवड नसते. अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं बायका धरून चालतात आणि पाळी यायच्या आत परत याच बाकावर येऊन बसतात."

त्यांनी एकेक उपाय समजावला: इंजेक्शन, गोळ्या, निरोध, गर्भाशयात बसवायची तांबी. चिमणीचं लक्ष तांबीवर अडलं. बाळंतपण झालं की लगेच तिथेच बसवता येते, दूध कमी होत नाही, मूल हवंसं वाटलं की काढता येते. क्वचित निसटते, म्हणून सहा आठवड्यांनी दाखवायला यायचं.

चिमणीच्या मनानं कधीच उडी घेतली होती. पण सासूबाईंसमोर तिची जीभ रेटेना. तिनं पत्र त्यांच्यापुढे धरलं. "आई, प्रशिक्षणात मध्येच थांबता येत नाही."

सासूबाईंनी पत्र सावकाश वाचलं. "माझं शिवणकामाचं दुकान होतं," त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. "तू नऊ महिन्यांचा होतास आणि धाकटीच्या वेळी दिवस राहिले. दुकान बंद झालं ते झालंच. धाकटी नकोशी नव्हती रे, जरा उशिरा हवी होती. पण मला कुणी विचारलंच नाही." मग सिस्टरकडे वळल्या. "लिहा तिच्या कागदावर, तांबी."

"तुम्ही नाही, ती सांगेल."

"तेही खरंच," सासूबाई ओशाळून हसल्या.

"लिहा," चिमणी म्हणाली. तिनं मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

"मला तुला वर क्रेनमध्ये बसलेलं बघायचंय."

कळा दोन आठवडे आधीच, भर दुपारी सुरू झाल्या. प्रसूतीच्या खोलीत वेगळ्या सिस्टर होत्या. दोन कळांच्या मध्ये चिमणी एकच धोशा लावून होती, "माझा कागद बघितलात ना?"

"बघितला गं बाई, तोंडपाठ झाला. आता बाळाकडे लक्ष दे."

चारच्या सुमारास मुलगी झाली, खणखणीत रडणारी. वार पडल्यावर डॉक्टरांनी चिमणीला पुन्हा एकदा विचारलं आणि तांबी बसवली. मुलीला छातीशी धरून ती इतकी बडबडत होती की डॉक्टर म्हणाल्या, "जरा श्वास घे."

बाहेर नवरा भेटेल त्याला मुलगी झाल्याचं सांगत सुटला होता. झाडूवाल्या मावशींना तर दोनदा.

सहा आठवड्यांनी तपासणीत सगळं जागच्या जागी निघालं. रजा संपली आणि पहिल्या दिवशी चिमणी क्रेनच्या शिडीच्या एकशे बारा पायऱ्या चढली. संध्याकाळी घरी येऊन मुलीला पाजता पाजता ती सांगत राहिली: लिव्हर किती हलका, वारा लागला की केबिन कशी डुलते, समुद्र कुठवर दिसतो. सासूबाईंनी ताट वाढून तिच्यापुढे सरकवलं. "पुढं सांग," त्या म्हणाल्या आणि मांडी घालून ऐकायला बसल्या.