मानेवरचा हात

तिला हसायची चोरी झाली होती. नवऱ्याने एखादी कोटी केली, ती फस्सकन हसली, की मागून मानेवर हात पडे. जड, थेट आईचा. मग डोक्यात अशी कळ उठे की इस्त्री बाजूला ठेवून टेबल धरावं लागे.

इस्त्रीचं दुकान मुळात आईचं. आई जन्मात हसली नाही. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. हिला मात्र काम करताना खिदळायची खोड. तेव्हा आई मान दाबून म्हणायची, "खाली बघ. कापड जळेल." मेल्यावरही आईने पिच्छा सोडला नाही, असं तिला मनापासून वाटे, आणि भीती वाटे.

एका दुपारी जळका वास आला. तिने ढिगातले सगळे शर्ट उलटेपालटे करून पाहिले. कुठेच डाग नाही.

"अगं, तुझं बोट," नवरा म्हणाला.

इस्त्री तापली का ते ओलं बोट लावून बघताना तिने ते वेळेवर उचललंच नव्हतं. दुखलंही नव्हतं. "इस्त्रीवाल्यांचे हात निबरच असतात," ती म्हणाली. आईच्या बोटांवरही असेच पांढरे डाग होते आणि आईला त्यांचा तोरा होता.

नवऱ्याने तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कवटीत मागे जागा जन्मापासूनच कमी आहे. मेंदूचं टोक खाली मानेत उतरलंय. हसलात, खोकलात की तिथे दाब येतो. मज्जारज्जूत पाणी साठलंय, म्हणून हातांना ऊन-गार कळत नाही. मागचं थोडं हाड काढून जागा करू."

"हातांना परत कळेल ना? पोरीचा ताप मी हातानेच बघते."

"ते आत्ता सांगता येत नाही."

ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर नवऱ्याने भीतभीत एक शिळा विनोद सांगितला. ती हसली आणि वाट बघत राहिली. हात पडला नाही. तरी तिने मागे वळून पाहिलंच.

पुढे काही दिवसांनी पोर शाळेतून मलूल होऊन आली. "आई, बघ ना."

तिने कपाळावर हात ठेवला. काहीच कळेना. मग ती वाकली आणि कपाळाला गाल लावला. कपाळ चांगलंच तापलं होतं.

ती तशीच राहिली. आईही तिचा ताप असाच बघायची, गालाने. हाताने कधीच नाही. आईने केलेले तेवढेच लाड, असं ती इतकी वर्षं समजत आली होती.

"आई, रडतेस?"

"तुझी आजी खडूस नव्हती गं," ती म्हणाली. "हसलं की दुखत असणार तिला."