जोडीला चारा नाही

दुष्काळात आमच्या दूध संस्थेने लिंबागणेशजवळ चारा छावणी उघडली आणि चाऱ्याच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रोग्राम मीच लिहिला. घरच्या एका म्हशीवर तपासला, चिठ्ठी निघाली, आणि सईदाच्या कामात खोट निघत नाही हे मी गावभर सांगून टाकलं.

पहिल्याच सकाळी ताराकाकूंची चिठ्ठी निघेना. दोन बैल, दोघांच्या कानात सरकारी बिल्ले, तरी पडद्यावर 'अपात्र'. रांगेत मागं उभ्या आसारामला एका गाईवर चिठ्ठी मिळाली. तीन जनावरंवाल्यालाही मिळाली. चारवाला हात हलवत परत गेला.

"कागदातच घोळ असंल तुमच्या," मी काकूंवर खेकसले. असं बोलायला नको होतं.

काकूंनी रांगेकडं पाहिलं. "एकट्याला मिळतो, जोडीला न्हाई. मंग ढवळ्या इकते. आज पाटोद्याचा बाजार हाय." जोडीतल्या पाखऱ्याला खुंट्याला बांधून, ढवळ्याला घेऊन त्या टेम्पोकडं निघाल्या.

सेक्रेटरी बद्रीनाथभाऊ हसले. मी मात्र उडालेच. जोडीला नाही, म्हणजे सम आकड्याला नाही! मी कोड उघडला. अट साधी होती: जनावरं आहेत आणि बिल्ला आहे, तर चिठ्ठी. 'आणि'साठीची & ही खूण दोनदा हवी होती, मी एकदाच टाकली होती. दोन खुणा नुसतं विचारतात, हे आहे का, ते आहे का. एकच असली की कॉम्प्युटर आकडे एकाखाली एक मांडून घर न् घर जुळवतो. त्याच्याकडं ० आणि १ एवढेच आकडे, म्हणून दोनाला तो १० लिहितो, बिल्ल्याच्या होकाराला ०१. १ च्या खाली १ कुठंच येत नाही, म्हणून उत्तर शून्य, आणि शून्य म्हणजे नकार. एक आणि तीन यांच्या शेवटी १ असतो, म्हणून ते सुटले. आणि माझी म्हैस एकच होती.

खूण वाढवली, चिठ्ठी काढली आणि चप्पल तिथंच टाकून धावले. टेम्पोची फळी वर चढत होती.

"काकू, उतरवा त्याला. चूक माझी हाय, तुमची न्हाई. मी एकाच म्हशीवर पाहिलं व्हतं."

छावणीत आसारामनं पाखऱ्यापुढं आपल्यातली पेंढी टाकली होती, पण त्यानं तोंड लावलं नव्हतं. ढवळ्याला शेजारी बांधलं तेव्हा पाखऱ्या खायला लागला.

काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पुढच्या बारीला म्हशीवर नको पाहू, पोरी. माझी जोडी घिऊन जा."