बाईंपुढेच विझणारी स्क्रीन

लॅपटॉप म्हातारा झाला होता, हे टायपिस्टबाईंना मान्य होतं. त्याचा पंखा धापा टाकायचा, झाकणाच्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. पण इतर कुणी बसलं की नीट चालणारी स्क्रीन फक्त आपल्यापुढेच काळी व्हावी, हे काही बाईंच्या पचनी पडत नव्हतं.

उमेदीची वर्षं त्यांनी एका वकिलाकडे टायपिंग करण्यात घालवली होती. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता सासूबाई नव्हत्या, मुलगी आपल्या संसारात रमली होती आणि बाईंना पुन्हा स्वतःचं काम हवं होतं. कोर्टातल्या रेकॉर्ड केलेल्या साक्षी ऐकून घरबसल्या टाइप करायच्या, असं काम त्यांना सापडलंही. पण त्याच्या परीक्षेत अर्ध्यातच स्क्रीन गेली आणि बाई नापास झाल्या. दुसरी संधी शनिवारी सकाळी होती. तिसरी कुणालाच मिळत नाही. शिवाय नाव नोंदवलेल्या लॅपटॉपवरच परीक्षा द्यायची, दुसरी स्क्रीन जोडायची नाही, असा नियम. पळवाट कुठेच नव्हती.

"अगं, सोड ना नाद," नवरा म्हणाला. "या वयात कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"घोर नाही लावून घेत, छडा लावतेय," बाई म्हणाल्या आणि टीव्हीची वायर शोधायला उठल्या.

लॅपटॉप टीव्हीला जोडून त्या टाइप करू लागल्या. लॅपटॉपची स्क्रीन गेली, टीव्हीवर मात्र सगळं लख्ख दिसत राहिलं. म्हणजे याचं डोकं शाबूत आहे, दुखणं स्क्रीनचंच, एवढं कळलं. दुरुस्तीवाल्याने बिजागरीतून जाणाऱ्या वायरवर संशय घेतला, ती काढून पुन्हा बसवली आणि दुकानात स्वतः बराच वेळ टाइप करून दाखवलं. स्क्रीन एकदाही गेली नाही. घरी येऊन बाईंनी चार ओळी टाइप केल्या नाहीत तोच पुन्हा काळोख.

"माझ्यापुढे तर कशी शहाण्यासारखी वागते," नवरा दोन बोटांनी टाइप करत म्हणाला. "तुला घाबरत असेल. मीसुद्धा घाबरतो."

बाईंना हसू आलं नाही. उलट डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना राग आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'तुला जमेल' हे दोन शब्द या माणसाच्या तोंडून बाहेर पडत नव्हते. काळजी मात्र भारी. सराव सुरू झाला तेव्हा मनगट दुखतं म्हटल्याबरोबर त्याने प्रदर्शनातून चुंबकाचा पट्टा आणून दिला होता. दुखणं किती कमी व्हायचं देव जाणे, पण 'पट्टा घातलास का?' असं तो इतकं मनापासून विचारायचा, की टाइप करायला बसताना बाई तो न चुकता घालायच्या. स्वयंपाकघरात सुऱ्या-चमचे येऊन चिकटायचे, म्हणून तिथे तेवढा काढून ठेवायच्या.

शुक्रवारी दुपारी त्यांनी पदर खोचला. "बसा इथे. माझ्या खुर्चीवर. आता माझ्यासारखेच हात टेकवून टाइप करा."

नवरा निमूटपणे बसला. स्क्रीन चालू. मग बाई बसल्या. स्क्रीन गेली. त्यांनी खुर्ची बदलली, चार्जर काढला, झाकण मागेपुढे केलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, असं त्यांनी ठरवलंच होतं. बाहेरचं सगळं बदलून झाल्यावर त्या स्वतःकडे वळल्या. चष्मा काढला. स्क्रीन गेली. पट्टा काढला आणि टाइप करू लागल्या. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. स्क्रीन चालूच.

त्यांनी पट्टा उचलून लॅपटॉपच्या डाव्या कडेवर धरला. काळोख. बाजूला केला. उजेड.

दुरुस्तीवाला फोनवर हसतच सुटला. "बाई, झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरूनच कळतं हो! तुमचा पट्टा कडेपाशी आला की त्याला वाटतं, झाकण मिटलं."

नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे त्या वेळी तू नापास झालीस, ती माझ्यामुळे?"

बाईंना खूप काही बोलता आलं असतं. पण त्यांनी पट्टा त्याच्याच मनगटाला बांधला. "उद्या परीक्षा संपेपर्यंत हा तुमच्याकडे. आणि तुम्ही त्या खोलीत."

शनिवारी दुसऱ्याच साक्षीला मनगट ठणकू लागलं. बाईंनी दात आवळले, पण हात थांबवला नाही. साक्षीदार अडखळत होता, वकील त्याला तोडत होता, आणि सगळं शब्दाला शब्द स्क्रीनवर उतरत होतं. शेवटचं वाक्य संपलं, तशी बाईंनी बोटं झटकली.

"येऊ का?" दारातून आवाज आला. नवरा उंबऱ्याबाहेर हात पाठीमागे लपवून उभा होता.

"थांबा. पाठवू दे आधी."

उत्तरपत्रिका मिळाल्याचा निरोप स्क्रीनवर आला. तो बाईंनी दोनदा वाचला आणि हात पुढे केला. "या आता. बांधा."

नवरा खुर्चीशेजारी वाकला. "मला वाटलं नव्हतं गं तुला जमेल," तो पुटपुटला. "चुकलंच माझं." पट्टा आवळताना त्याला जरा वेळच लागला. बाईंनी दमलेला हात लॅपटॉपवर टेकवला, तशी स्क्रीन काळी झाली. तो दचकला. बाईंनी मात्र हात तसाच राहू दिला.