हळदीच्या वावरातून गेलेली नळी

मी एक काळी नळी बोलतेय. प्लॅस्टिकची, अंगठ्याएवढ्या तोंडाची. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात द्वारकाबाईंनी मला वसमतच्या बाजारातून आणलं. एसटीत माझं वेटोळं पाहून कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्या अजगराचं तिकीट काढा."

"मांडीवर बसलंय की! लेकराचं कुठं तिकीट असतंय?" बाई म्हणाल्या.

बाईंनी विहिरीपासून लांब, माळाच्या कडेला आंबे लावले होते. घागरी वाहून गुडघा धरला, तरी रोपं सुकतच होती. आता पाणी मी नेणार होते. पण मधे धाकट्या दिराचं, नरसिंगचं वावर. बाईंचे मालक संतराम आणि नरसिंग सख्खे भाऊ, पण वाटणीत कडब्यावरून भांडले, तेव्हापासून अबोला. विहीर मात्र सामाईक.

"वैनी, नळी खुशाल न्या," नरसिंग म्हणाला, "पण दादाला म्हणावं, माझ्या वावरात पाय ठिवू नको."

संतराम मोटर सुरू करायचे. माझ्या पोटात आधी हवा गुडगुडायची, मग पाणी धावायचं. आंब्याच्या आळ्यात मी पहिली चूळ टाकली, तेव्हा बाई लेकरासारख्या हसल्या.

एके दुपारी माझा सुतळीनं बांधलेला जोड सुटला, तोही नेमका नरसिंगच्या वावरात. त्यानं शिजवलेली हळद तिथंच वाळत घातली होती. पाणी थेट तिकडे निघालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण नळीला स्वतःचं तोंड दाबता येत नाही. नरसिंगनं मला मुठीत आवळलं, तरी पाणी उसळतच राहिलं. शेवटी तो विहिरीकडे बघून ओरडला,

"दादा! मोटर बंद कर! हळद भिजून राहिली!"

संतरामनी बटण दाबलं आणि धावतच वावरात शिरले. बाईही माळावरून आल्या. तिघांनी हातांनी हळद ओढली. कडेची थोडी भिजली, बाकी वाचली. मग दोघे भाऊ धापा टाकत बसले.

"जोड काहून सुटला रे?" संतरामनी विचारलं.

"सुतळीनं बांधतात व्हय? ट्यूबची पट्टी पायजे."

पट्टी नरसिंगनंच आणली, बांधलीही त्यानंच. पुढं बाई माळावरून हाक मारायच्या, पण ती विहिरीपर्यंत पोचायची नाही. नरसिंग मधूनच ओरडायचा, "दादा, पाणी पोचलं!" हळूहळू त्याला जोडून आणखी बोलणं यायला लागलं. "दादा, पाणी पोचलं! अन् आज जेवायला आमच्याकडं!"

दहा वर्षं मी राबले. बैलांचे खूर सोसले, उंदरांचे दात सोसले. मग जमिनीखालून नवा पाईप आला आणि माझे तुकडे झाले. आज मी आंब्याच्या फांदीवर आहे. झोक्याच्या दोरीनं साल सोलू नये, म्हणून बाईंनी दोरी माझ्यातून ओवलीय. दोन्ही घरची पोरं झोके घेतात, तेव्हा मी करकरते.

उन्हानं मी कडक झालेय, लेकरांनो. मला चीर पडली की खुशाल बदला, पण फांदीला दोरी काचू देऊ नका.