नाटकाच्या दुसऱ्या दिवशीची सभा

धानोऱ्याहून आलेली सकाळची एसटी गावात थांबली, संघप्रिया उतरली आणि जागीच थबकली. उन्हं अंगणात आली तरी गाव डाराडूर झोपलेलं. शाळेमागे रिकामा मंडप आणि भुईमुगाच्या टरफलांचा सडा. रात्री गावात नाटक झालं होतं, आणि झाडीपट्टीतलं नाटक कोंबडा आरवल्याशिवाय संपत नाही.

संघप्रिया झाडीपट्टीतल्याच सावली गावची, समाजकार्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. क्षेत्रकार्यासाठी तिला हे गाव मिळालं होतं. मोहफुलं वेचायला बाया पहाटेच जंगलात जातात, तान्ही लेकरं झाडाखाली उन्हात पडून राहतात. त्यांना गावातच कुणी सांभाळावं, हा तिचा ध्यास. त्यासाठी तिनं आज बायांची सभा ठेवली होती आणि ती बघायला कॉलेजचे नैताम सर येणार होते. सभा झाली नाही तर क्षेत्रकार्यात नापास, म्हणजे वर्ष पाण्यात.

नाटक मागाहून ठरलं. तिला कुणी कळवलं नाही. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सभा नसते, हे काय सांगायचं असतं? सावलीच्या पोरीला तर नाहीच नाही. समाजाचं निरीक्षण कसं करावं हे तिनं तोंडपाठ केलं होतं, पण मागच्या खेपेला शाळेमागे पडलेले मंडपाचे बांबू तिनं खुशाल लग्नाचे समजले.

तिनं चंचलचं दार वाजवलं. या चंचलच्याच भरवशावर सभा ठरली होती. आतून तिचा नवरा पत्रू डोळे चोळत आला.

"थे झोपली हाय, म्याडम. लेकराले आनाची येळ होईन तवा उठन."

"लेकरू कुठी हाय?"

"रुखमाबाईच्या घरी. नाटकाच्या राती सारेच तिथी ठेवतेत."

संघप्रिया जवळजवळ पळतच निघाली. रुखमाबाईच्या पडवीत चटयांवर गावातली सगळी तान्ही लेकरं ओळीनं झोपली होती, आणि म्हातारी एकाला पायावर घेऊन थोपटत होती.

"हळू बोल, बाई. आत्ताच झोपले."

संघप्रियाला स्वतःचंच हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तेवढ्यात तिला शोधत नैताम सर आले.

"सभा कुठे आहे?"

"इथीच, सर. बसा."

सर बसतात न बसतात, तोच एक लेकरू रडायला लागलं. रुखमाबाईनं काही न विचारता ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

हळूहळू आया येऊ लागल्या, केस विस्कटलेले, तोंडी नाटकच. चंचलनं चूल पेटवून चहा टाकला, मग कुणी उठेना. संघप्रिया पाठ केलेलं भाषण साफ विसरली. तिनं एवढंच विचारलं, "नाटकासाठी लेकरं इथी ठेवता. मग मोहाच्या दिवसात काऊन नाई?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"रोज रोज फुकटात कोन करन?" चंचल म्हणाली. मग तीच म्हणाली, "आपल्या मोहातला वाटा बाईले देऊ." त्यावर बराच गलका झाला आणि वाटा ठरला. सर्वांनी रुखमाबाईकडे पाहिलं.

म्हातारीनं पायावरचं लेकरू खाली निजवलं.

"पाहीन मी. पन एक हाय. घरचा मानूस गेला तवापासून मी नाटक पाह्यलं नाई. तुमी सारे जाता, मी लेकरं राखतो."

"आमाले वाटलं, तुले नाटक आवडत नाई," चंचल हळूच म्हणाली.

"कोनी इचारलं कवा?"

बायांच्या माना खाली गेल्या. संघप्रियालाही लाज वाटली. इतके महिने ती या पडवीवरून येत-जात होती.

"पुढच्या वर्षी मी राखीन लेकरं," ती म्हणाली. "तुमी नाटकाले जा."

"पुढच्या वर्षी तुझं क्षेत्रकार्य संपलेलं असेल," सर म्हणाले.

"क्षेत्रकार्य संपन, सर. नाटक थोडीच संपते?"

सर हसले. त्यांची मांडी ओली झाली होती, पण लेकरू झोपलं होतं म्हणून ते हलले नाहीत.

रुखमाबाई चंचलकडे वळली. "रातच्या नाटकात काय झालं? पयल्यापासून सांग."

चंचलनं कपबशी बाजूला सारली आणि पहिल्या प्रवेशापासून सांगायला बसली. नाटकाला आलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक राहिला, सरांची एसटी गेली. म्हातारीचं नाटक पुरं होईपर्यंत पडवीतून कुणी उठलं नाही.