जवसाच्या तेलातला कापूर

यंत्र म्हणून मला आणलं, पण कामाने मी एक नाक आहे. परदेशी बनावटीचं, महागडं, एसीत राहणारं नाक. वर्ध्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तेलांचे वास तपासतो. बाटलीत तेल तापवायचं, वर साठलेला वास मला द्यायचा. मी त्यातला एकेक वास वेगळा करून पडद्यावर लहानमोठ्या टेकड्या काढतो.

सुरुवातीला मी खोक्यातच पडून होतो, कारण उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळत नव्हता. पुढे धनंजय सर माझे प्रमुख झाले. माझ्यासोबत त्यांचे फोटो भरपूर निघाले, नमुने मात्र क्वचित आले.

यंदाच्या खंडेनवमीला सरांनी माझी पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूचा हार आणि बंद खोलीत ताटलीभर कापूर. विज्ञानाचे डॉक्टर डोळे मिटून माझी आरती म्हणत होते आणि मी गुदमरत होतो. मग "मुहूर्त करून टाकू" म्हणत त्यांनी त्याच धुरात तेलाची एक बाटली भरली आणि झाकण घट्ट लावलं.

तेल अल्लीपूरच्या शोभाबाईंचं, त्यांच्या घाण्यावरचं जवसाचं. नागपूरच्या दुकानदाराची अट होती, शुद्धतेचा दाखला आणा, मगच माल घेतो.

मी इमानाने हुंगलं. जवसाच्या टेकड्यांशेजारी कापराचा डोंगर उभा राहिला. सरांच्या बोटांना अजून कापराचा वास येत होता, तरी त्यांनी भुवया उंचावल्या. "बाई, तुमच्या तेलात कापूर आहे!"

दुपारी निकाल न्यायला आलेल्या शोभाबाईंचा चेहरा पडला. "तेल तं माही सून भरते. तिनंच काई केलं असन. मशीन काऊन खोटं बोलन?"

त्यांची सून वर्षाली दारातच उभी होती. "आई, म्या कापराले हातबी नाई लावला. तुमचा मशीनवर भरोसा हाय, माह्यावर नाई?"

ती तिथूनच एसटीने आर्वीला, माहेरी निघून गेली.

अहो, मी खोटं बोललोच नाही! बाटलीत कापूर होताच. तो आला कुठून, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्या खोलीत नुसती रिकामी बाटली झाकण लावून मला दिली असती, तरी सगळं उघड झालं असतं. पण भेसळ पकडली म्हणून सरांचा पेपरात फोटो आला, आता रिकामी बाटली कोण तपासतो?

हल्ली माझी पूजा रोज होते. मला ती नको. कोणीतरी आर्वीला फोन लावा आणि त्या पोरीला सांगा, कापूर आमच्याच पूजेतला होता.